देवदूतांच्या शाळेतील आग आणि नंतरचे मौन

१ डिसेंबर १९५८ रोजी, सोमवारी दुपारी, शिकागो शहराच्या पश्चिम भागातील ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या कॅथलिक शाळेला आग लागली. आदल्याच दिवशी नाताळपूर्व आगमनकाळाचा पहिला रविवार झाला होता आणि शाळा सुटण्यास अर्धा तासही उरला नव्हता. तळघरातील जिन्याशी धुमसत असलेली आग लाकडी जिन्याच्या वाटेने थेट वरच्या मजल्यावर पोहोचली. त्या आगीने अखेर ९२ मुलांचे व ३ धर्मभगिनींचे प्राण घेतले.

तो धर्मग्राम प्रामुख्याने इटालियन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांचा होता. शाळा चाले ती रविवारच्या दानपेटीवर, माफक शुल्कावर आणि मुख्यतः धर्मभगिनींच्या जवळजवळ विनावेतन श्रमावर. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या या स्त्रियांच्या त्यागावरच अमेरिकेतील कॅथलिक शिक्षणाचा सारा डोलारा उभा होता. १९६० च्या दशकात तर या शाळांची विद्यार्थिसंख्या ५२ लाखांवर गेली. त्याची किंमत अशी, की एकेका वर्गात पन्नास-साठ मुले कोंबली जात. आपल्याकडील शिक्षकांना हे चित्र परके वाटू नये. इमारत जुनी होती. तिला बाहेरून उतरण्याचा एकच लोखंडी जिना होता, आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती आणि धोक्याची घंटा अग्निशमन दलाशी जोडलेली नव्हती. तरीही ऑक्टोबरमधील तपासणीत शाळा उत्तीर्ण झाली होती. कारण १९४९ चे कडक नियम नव्या इमारतींनाच लागू होते, जुन्यांना सूट होती. म्हणजे जेथे धोका अधिक, तेथेच नियम सैल. हा हिशेब कोणी दुष्टबुद्धीने मांडला नव्हता. दुरुस्तीचा खर्च धर्मग्रामांना पेलणार नाही, ही त्यामागील समजूत होती, आणि ती अगदीच खोटीही नव्हती.

आज्ञापालनाचा प्रश्न याहून अवघड आहे. शाळा रिकामी करण्याचा आदेश केवळ मुख्याध्यापिकेने द्यावा, असा दंडक होता. धूर दिसताच दोन शिक्षिकांपैकी एक परवानगी घेण्यास कार्यालयाकडे धावली. मुख्याध्यापिका त्या दिवशी गैरहजर शिक्षिकेच्या जागी वर्ग घेत होत्या, त्या भेटल्या नाहीत. तेव्हा दोघींनी दंडक बाजूस सारून आपापले वर्ग बाहेर काढले आणि त्यांची सर्व मुले वाचली. या दोघी धर्मभगिनी नव्हत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अर्थात त्यावरून घाईने निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. इतर खोल्यांचे दरवाजे उघडण्यापूर्वीच व्हरांडा धुराने भरून गेला होता. खिडक्यांच्या कठड्यांची उंची लहान मुलांच्या आवाक्याबाहेर होती आणि खालची जमीन सुमारे पंचवीस फूट खोल. काही वर्गांत मुलांना शांत बसून प्रार्थना करण्यास सांगण्यात आले, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. ज्या तिघी धर्मभगिनी गेल्या, त्या आपल्या मुलांसोबतच गेल्या.

त्याच आठवड्यात एका शस्त्रागाराच्या विस्तीर्ण सभागृहात आर्चबिशप अल्बर्ट मेयर यांनी सामुदायिक मिस्सा अर्पण केली. देवाने आपले देवदूत परत बोलावले, अशा शब्दांत पालकांचे सांत्वन होऊ लागले. ज्या आईच्या घरात रिकामा पलंग होता, तिला या वाक्याने आधार दिला की तिचा क्रोध मुका केला, हे बाहेरच्याने ठरवू नये. दोन्ही घडले असणे शक्य आहे. मुले मात्र लवकरच अन्य शाळांत धाडण्यात आली, आणि झाले ते विसरा, असा मोठ्यांचा सल्ला होता. तज्ज्ञांचा मानसिक आधार ही कल्पनाच तेव्हा शाळांत नव्हती. ज्याच्या शेजारच्या बाकावरचा मित्र गेला, त्या मुलाने त्याचे नावही काढावयाचे नाही, ही शिस्त त्या आगीइतकीच खोल रुतली. मी का वाचलो, हा प्रश्न अनेकांनी चाळीस-चाळीस वर्षे एकट्याने वाहिला. तो पापनिवेदनाच्या कोठडीत सांगावा तर पाप कोणते, तेच ठरेना.

दोष कोणाचा, हे तर ठरलेच नाही. १९६२ मध्ये एका किशोरवयीन विद्यार्थ्याने आग लावल्याची कबुली दिली व नंतर ती नाकारली. न्यायाधीशांना पुरावा अपुरा वाटला. कोणालाही शिक्षा झाली नाही. नियम मात्र बदलले आणि देशभरातील जुन्या शाळांच्या इमारतींत सुधारणा झाल्या. तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या गवती छपराला लागलेल्या आगीत ९४ मुले गेली, तेव्हा शिकागोला ४५ वर्षे उलटून गेली होती.

१९६० मध्ये त्याच जागी नवी शाळा उभी राहिली; या वेळी पाणी फवारणाऱ्या यंत्रणेसह. पण धर्मग्रामातील कुटुंबे हळूहळू उपनगरांकडे निघून गेली. १९९० मध्ये धर्मग्राम बंद झाला आणि १९९९ मध्ये शाळाही. शहराबाहेर हिलसाइड येथील ‘क्वीन ऑफ हेवन’ दफनभूमीत स्मारक आहे. विद्यार्थी साठीकडे झुकू लागले, तेव्हा त्यांतील कित्येक एकत्र येऊन त्या दुपारविषयी बोलू लागले. कोणी अजून रोज मिस्सेला जात होते, तर कोणी त्या दिवसानंतर देवळाची पायरीही चढले नव्हते.