बॉस्टन चळवळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेली एक ख्रिस्ती धर्मप्रसारक चळवळ. 'इंटरनॅशनल चर्चेस ऑफ क्राइस्ट' हे तिचे पुढे रूढ झालेले नाव होय. १९७९ मध्ये बॉस्टनजवळील लेक्सिंग्टन येथील एका लहानशा मंडळीपासून तिचा आरंभ झाला आणि २००२ पर्यंत तिची सदस्यसंख्या सु. १,३५,००० झाली. मुंबई, दिल्ली, बंगळूर इ. भारतीय शहरांतही तिच्या मंडळ्या आहेत. तथापि धर्मसंस्थांच्या अभ्यासकांना या चळवळीविषयी जे कुतूहल वाटते, ते तिच्या वाढीपेक्षाही तिच्या अंतर्गत संघर्षामुळे. सदस्याने आपल्या जीवनाचा बारीकसारीक हिशेब वरिष्ठापुढे ठेवावा, असे शिकविणाऱ्या या संघटनेत वरिष्ठांनी आपला हिशेब कोणापुढे ठेवावा, हा प्रश्न तिच्याच निष्ठावंत अनुयायांनी उपस्थित केला आणि त्यातून २००२-०३ मध्ये तिची केंद्रीय रचना कोसळली.

चळवळीचे मूळ 'चर्चेस ऑफ क्राइस्ट' या परंपरेत आहे. अलेक्झांडर कँबेल (१७८८–१८६६), बार्टन स्टोन (१७७२–१८४४) प्रभृतींनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पुनःस्थापनेचा विचार मांडला. मानवनिर्मित पंथनियम टाकून द्यावेत आणि नव्या करारात दिसणारी आद्य मंडळी जशीच्या तशी पुन्हा उभी करावी, असा त्याचा आशय होता. या परंपरेत बिशप नाही, धर्मपरिषद नाही, मुख्यालयही नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते व तिचा कारभार तिनेच निवडलेले 'वडील' (ज्येष्ठ सदस्य) पाहतात. अशा विकेंद्रित परंपरेतून आधुनिक प्रॉटेस्टंट जगातील एक अत्यंत केंद्रित संघटना जन्मास यावी, हा विरोधाभास लक्षात ठेवल्याशिवाय पुढील घटनाक्रम नीट उमगत नाही.

फ्लॉरिडा राज्यातील गेन्झव्हिल येथे चक लूकस यांनी १९६७ मध्ये विद्यापीठीय तरुणांत प्रचारकार्य सुरू केले. त्यांची मंडळी पुढे 'क्रॉसरोड्स' या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रत्येक नवदीक्षितास एक अनुभवी 'प्रार्थना-सोबती' नेमून देण्याची प्रथा तेथे पडली. फ्लॉरिडा विद्यापीठाचा विद्यार्थी टॉमस (किप) मॅकीन (१९५४– ) याने १९७२ मध्ये याच मंडळीत बाप्तिस्मा घेतला. १९७९ मध्ये मॅकीन लेक्सिंग्टनच्या मंडळीचा प्रचारक झाला. ही मंडळी लवकरच बॉस्टन शहरात आली व तिने शहराचेच नाव धारण केले. १९८२ मध्ये शिकागो व लंडन आणि १९८३ मध्ये न्यूयॉर्क येथे तिने शाखा स्थापन केल्या.

मॅकीनने प्रार्थना-सोबत्याच्या प्रथेस निश्चित उतरंडीचे रूप दिले. प्रत्येक सदस्यावर एक मार्गदर्शक, मार्गदर्शकावर गटप्रमुख, त्यावर विभागाचा नेता, त्यावर प्रमुख प्रचारक अशी ही रचना होती. सदस्याने मार्गदर्शकास नियमितपणे भेटावे, पापांची कबुली द्यावी व सल्ला घ्यावा, अशी अपेक्षा असे. सल्ल्याचे क्षेत्र प्रार्थना व बायबलवाचन यांपुरते मर्यादित राहिले नाही. विवाहपूर्व परिचय कोणाशी ठेवावा, कोणती नोकरी धरावी, कोठे राहावे, आठवड्यास किती वर्गणी द्यावी, हे विषयही त्यात आले. उपस्थिती, नवे पाहुणे, बाप्तिस्मे व वर्गणी यांची साप्ताहिक आकडेवारी खालून वर जाई आणि नेत्याची योग्यता बहुधा त्या आकड्यांवरून ठरे. १९८८ मध्ये मॅकीनने जगाचे विभाग पाडून त्यांवर आपल्या विश्वासातील प्रमुख नेमले. १९९० मध्ये तो लॉस अँजेल्स येथे गेला आणि चळवळीचे केंद्रही त्याच्याबरोबर तेथे गेले. किमान एक लाख वस्तीचे शहर असलेल्या प्रत्येक राष्ट्रात २००० सालापर्यंत मंडळी स्थापन करण्याचा संकल्प १९९४ मध्ये जाहीर झाला.

ही रचना केवळ शिस्तीच्या बळावर टिकली, असे मानणे चुकीचे ठरेल. तिला सिद्धान्ताचा आधार होता. जो आधी शिष्य होण्याचा निर्धार करतो व मग बाप्तिस्मा घेतो, त्याचाच बाप्तिस्मा खरा, असे मॅकीनचे प्रतिपादन होते. त्यामुळे इतर पंथांतील बाप्तिस्मे निरर्थक ठरले आणि चळवळीतील अनेक जुन्या सदस्यांनीही पुन्हा बाप्तिस्मा घेतला. एका शहरात एकच मंडळी असावी, हे दुसरे सूत्र होते. या दोन सूत्रांच्या संयोगाने मतभेद व्यक्त करणाऱ्याची कोंडी झाली. मंडळी सोडून जाणे म्हणजे तारणास मुकणे, अशी समजूत दृढ झाली. आणि त्याच शहरात जाण्याजोगी दुसरी मान्य मंडळीही नव्हती. ज्या माणसाची मित्रमंडळी, निवास व अनेकदा विवाहही संघटनेतच जुळलेला असे, त्याला नेत्याच्या एखाद्या आदेशाविषयी शंका घेणे किती जड जात असेल, याची कल्पना करता येते. उत्तरदायित्व हा शब्द या समुदायात सतत उच्चारला जाई, परंतु तो एकाच दिशेने वाहणारा होता. खालच्याने वरच्यास उत्तर द्यावयाचे. उलट दिशेने विचारलेला प्रश्न मात्र 'वाईट वृत्ती', 'अभिमान' किंवा 'फूट पाडणे' या सदरांत मोडे.

चळवळीवर पहिली टीका बाहेरून आली. बॉस्टन विद्यापीठाने १९८७ मध्ये आपल्या आवारात तिला मज्जाव केला व पुढे इतर अनेक विद्यापीठांनीही तसेच केले. मूळ परंपरेतील मंडळ्यांनी तिच्याशी संबंध तोडले. त्याच सुमारास फ्लेव्हिल यीक्ली या संशोधकाने बॉस्टनच्या नेत्यांच्या अनुमतीने तेथील आठशेंहून अधिक सदस्यांची व्यक्तिमत्त्वचाचणी घेतली. प्रत्येकाने ती तीनदा भरावयाची होती : दीक्षेपूर्वी आपण जसे होतो तसे समजून, आज आहोत तसे आणि पाच वर्षांनी होऊ तसे. निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. सदस्यांचे मूळचे भिन्न स्वभाव एकाच साच्याकडे, म्हणजे बहिर्मुख, वस्तुनिष्ठ, भावनाप्रधान व निर्णयप्रवण अशा प्रकाराकडे, सरकत असल्याचे त्यात दिसले. या चाचणीच्या शास्त्रीय विश्वसनीयतेविषयी मानसशास्त्रज्ञांत दुमत आहे आणि स्वतःच्या भूतकाळाविषयी दिलेली उत्तरे हा दुबळा पुरावा असतो. तरीही आदर्श सदस्य कसा असावा याची एकच प्रतिमा सर्वांच्या मनात रुजली होती, एवढे तरी त्यावरून मान्य करावे लागते.

आतून झालेल्या प्रयत्नांचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९९२ मध्ये मॅकीनने चळवळीच्या मुखपत्रात लिहिलेल्या एका दीर्घ लेखात, ज्या बाबी मतस्वातंत्र्याच्या आहेत त्यांतही नेता आज्ञापालनाची अपेक्षा करू शकतो ही आपली पूर्वीची भूमिका चुकीची होती, असे नमूद केले. ही कबुली महत्त्वाची होती. परंतु तिच्या अनुषंगाने रचनेत काहीही बदलले नाही. नेमणुकांचा अधिकार, आकड्यांची पद्धत व उतरंड पूर्ववत राहिली. चूक मान्य करणारा व ती सुधारली की नाही हे ठरविणारा एकच होता. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, इंडियानापोलिस येथील मंडळीच्या प्रमुख प्रचारकाने वर्गणीची सक्ती व नेतृत्वाची एकाधिकारशाही यांविरुद्ध लेखी आक्षेप घेतले. केंद्रीय नेते तातडीने तेथे पोहोचले. मंडळी दुभंगली आणि केंद्राशी एकनिष्ठ राहिलेल्यांची वेगळी मंडळी उभी करण्यात आली. एका शहरात एकच मंडळी हे सूत्र या प्रसंगी आड आले नाही. इतर शहरांतील सदस्यांपर्यंत या वादाची केवळ एकच बाजू पोहोचली. एकाकी मंडळीने केलेली मागणी दडपून टाकणे केंद्रास अवघड नव्हते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

२००१ च्या सुमारास स्थिती बदलली. वाढीचा वेग मंदावला होता. आलेल्यांपैकी पुष्कळसे सोडून जात होते. नेत्यांच्या कुटुंबांतही दुरावे निर्माण झाले. इतरांच्या मुलाबाळांच्या आचरणावरून त्यांची पात्रता ठरविणारा निकष आता वरिष्ठांनाही लागू झाला. नोव्हेंबर २००१ मध्ये मॅकीन रजेवर गेला. नोव्हेंबर २००२ मध्ये आपल्या उद्धटपणाची कबुली देऊन त्याने जागतिक नेतृत्वाचा राजीनामा दिला व जगाच्या विभागप्रमुखांचे मंडळही विसर्जित झाले.

या पोकळीत फेब्रुवारी २००३ मध्ये लंडन येथील ज्येष्ठ प्रचारक हेन्री क्रीट यांनी एक प्रदीर्घ पत्र लिहिले. ते नेत्यांना उद्देशून होते. पण विद्युत्-टपाल व महाजाल यांद्वारे काही दिवसांतच ते जगभरच्या सदस्यांच्या हाती पडले. पत्राच्या शीर्षकात मॅकीनच्या १९९२ मधील लेखाच्या शीर्षकाचा जाणीवपूर्वक प्रतिध्वनी होता. पुनःस्थापनेच्या जागी पश्चात्ताप हा शब्द आला होता. भ्रष्ट झालेली अधिकारश्रेणी, संख्येचा हव्यास, लाजिरवाणा अहंकार आणि द्रव्याचा मोह हे चार दोष व्यक्तींचे नसून पद्धतीचे आहेत, असा क्रीट यांचा मुख्य मुद्दा होता. बाहेरच्या टीकाकारांनी हे सर्व पूर्वीच सांगितले होते. मात्र त्यांचे म्हणणे छळ म्हणून झटकून टाकता येई. क्रीट हे संघटनेचेच वेतन घेणारे, तिच्याच परिभाषेत व त्याच धर्मग्रंथाच्या आधारे बोलणारे होते. शिवाय मजकूर सर्वत्र एकाच वेळी पोहोचल्यामुळे इंडियानापोलिसप्रमाणे एका ठिकाणी बंदोबस्त करून तो थोपविणे अशक्य झाले. चळवळीत माहिती तोवर उतरंडीनेच प्रवास करीत असे. ती मोडण्याचे निम्मे कार्य या पत्राच्या प्रसारानेच केले.

त्यानंतरच्या काही महिन्यांत अनेक शहरांत खुल्या सभा भरल्या. वर्षानुवर्षे गप्प राहिलेले सदस्य ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. नेत्यांनी तोंडी व लेखी क्षमायाचना केल्या. सक्तीची वर्गणी थांबताच निधी घटला व अनेक पगारी प्रचारकांना काम सोडावे लागले. त्यांतील कित्येकजण स्वतःही याच पद्धतीत लहानाचे मोठे झालेले होते. दुसरा व्यवसाय त्यांना ठाऊक नव्हता. काही वर्षांतच सदस्यसंख्या एक लाखाच्या खाली गेली. मंडळ्यांनी आपापले वडील नेमले, हिशेब खुले केले आणि मार्गदर्शकाची योजना बहुतेक ठिकाणी ऐच्छिक केली.

सुधारणावाद्यांत मात्र एकमत नव्हते. कोणतीही केंद्रीय रचना पुन्हा नको, असे काहींचे म्हणणे होते. जागतिक धर्मकार्यासाठी परस्परसहकार्याची चौकट हवी, असे इतर म्हणत. २००६ मध्ये सहकार्याची एक लिखित योजना मांडण्यात आली व पुढे बहुसंख्य मंडळ्यांनी ती स्वीकारली. स्थानिक स्वायत्तता, प्रादेशिक गट आणि प्रतिनिधींच्या परिषदा ही तिची वैशिष्ट्ये होत. एका अर्थाने चळवळ आपल्या मूळ परंपरेच्या जवळ परतली. मॅकीनला हा बदल मान्य नव्हता. २००३ पासून तो ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे काम करीत होता. शिष्यत्वाची शिस्त सोडल्यानेच ऱ्हास झाला, असे सांगून त्याने २००६ च्या सुमारास 'इंटरनॅशनल ख्रिश्चन चर्चेस' ही वेगळी संघटना उभारली. घटती सदस्यसंख्या हाच त्याचा सुधारणेविरुद्धचा प्रमुख युक्तिवाद होता; म्हणजे क्रीट यांनी दोष म्हणून दाखविलेल्या मोजपट्टीनेच त्याने सुधारणा मोजली.

अशा स्वरूपाची पडझड पूर्वीही झाली होती. फ्लॉरिडातील फोर्ट लॉडरडेल येथील पाच धर्मोपदेशकांनी १९७० नंतर चालविलेल्या 'शेपर्डिंग' (मेंढपाळ) चळवळीतही वैयक्तिक मार्गदर्शकाच्या आज्ञेत राहण्याचा आग्रह होता. तिच्यावर तीव्र टीका झाली, १९८६ मध्ये पाचांचा संघ विसर्जित झाला आणि बॉब ममफर्ड यांनी त्यानंतर काही वर्षांनी जाहीर क्षमा मागितली. परंतु तेथे नेते स्वतःहून दूर झाले. बॉस्टन चळवळीत सामान्य सदस्यांनी सभेत उठून जाब विचारला, हा फरक लक्षणीय आहे.

स्वायत्ततेने केंद्राची सत्ता संपविली. पण मागच्या काळाबद्दल कोणास जबाबदार धरावे, हा प्रश्न त्यामुळे अधिकच गुंतागुंतीचा झाला. क्षमायाचना बहुधा समुच्चयाने, सर्वसाधारण शब्दांत केलेल्या होत्या. विशिष्ट व्यक्तीवर झालेल्या विशिष्ट अन्यायाची चौकशी करील, अशी संघटनेबाहेरची स्वतंत्र यंत्रणा २००३ मध्ये कोणी निर्माण केली नाही. जुने केंद्र अस्तित्वात नव्हते आणि प्रत्येक मंडळी केवळ स्वतःपुरते बोलू शकत होती. डिसेंबर २०२२ मध्ये काही माजी सदस्यांनी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दोन्ही संघटना, मॅकीन व इतर काहीजण यांच्याविरुद्ध दावे दाखल केले. बालकांवरील लैंगिक अत्याचारांची माहिती असूनही ती दडविण्यात आली, असा त्यांतील आरोप होता. २०२३ मध्ये ही प्रकरणे लॉस अँजेल्स येथील राज्य न्यायालयात नव्याने दाखल करण्यात आली.