संकेतस्थळ अभिकल्प

संकेतस्थळ अभिकल्प : विश्वव्यापी जालावरील (वेबवरील) पृष्ठांची मांडणी, अक्षररूप, रंगसंगती, चित्रयोजना आणि एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठाकडे जाण्याचे मार्ग यांची हेतुपूर्वक केलेली रचना. या कलेचे मूळ मुद्रित पृष्ठाच्या मांडणीत आहे. तथापि दोहोंत एक मूलभूत भेद आहे. छापील पृष्ठाचा आकार, कागद, शाई व अक्षर ही सर्व मुद्रकाच्या हाती असतात आणि छापून झालेले पृष्ठ सर्व वाचकांपुढे एकाच रूपात येते. जालपृष्ठ मात्र वाचकाकडे तयार स्थितीत जात नाही. मजकूर व मांडणीच्या सूचना तेवढ्या पाठविल्या जातात आणि वाचकाच्या यंत्रावरील ब्राउझर (न्याहाळक) त्यांवरून दर वेळी पृष्ठ नव्याने घडवितो. पडद्याची रुंदी, उपलब्ध मुद्राक्षरे, जोडणीचा वेग आणि वाचकाने स्वतः केलेली निवड यांवर पृष्ठाचे अंतिम रूप अवलंबून असते. हे रूप अभिकल्पकाने किती आपल्या ताब्यात ठेवावे आणि किती वाचकाच्या साधनावर सोपवावे, हा या क्षेत्रातील मध्यवर्ती प्रश्न होय.

प्रारंभ : जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जालाची योजना मांडली व १९९१ मध्ये ते सर्वांना खुले झाले. त्यासाठी योजलेल्या एचटीएमएल या चिन्हांकन भाषेत शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा असे मजकुराचे घटक दाखविण्याची सोय होती. ते कसे दिसावेत हे सांगण्याची सोय जवळजवळ नव्हती. शास्त्रीय टिपणांच्या देवाणघेवाणीस ती पुरेशी होती. १९९३ मध्ये आलेल्या मोझेइक या ब्राउझरने मजकुरातच चित्रे दाखविण्यास प्रारंभ केला आणि जाहिरात, वृत्तपत्र व व्यापार या क्षेत्रांतील लोक जालाकडे वळले.

मुद्रणकलेत वाढलेल्या अभिकल्पकांना आखीव स्तंभ हवे होते. आकडेवारीसाठी असलेली कोष्टके त्यांनी पृष्ठाच्या मांडणीसाठी वापरली. ओळींमध्ये अंतर राखण्यासाठी एका चित्रबिंदूचे (पिक्सेलचे) पारदर्शक चित्र घालण्याची युक्ती रूढ झाली. पृष्ठे सुबक दिसू लागली. परंतु मजकुराचा क्रम विस्कळीत झाला. अंध वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावल्यांना कोष्टकांच्या जंजाळातून अर्थ लावणे कठीण जाऊ लागले.

शैलीपत्रके : या अडचणीवर होकोन वियुम ली यांनी १९९४ मध्ये उपाय सुचविला. मजकूर एका ठिकाणी व त्याच्या रूपाचे नियम दुसऱ्या ठिकाणी ठेवावेत, असे त्याचे तत्त्व होते. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने घडलेले सीएसएस हे शैलीपत्रक डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाले. तथापि नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या स्पर्धेमुळे त्यांचे ब्राउझर हे नियम सारख्या रीतीने पाळीत नसत व एकच पृष्ठ दोनदा रचावे लागे. त्याविरुद्ध १९९८ मध्ये अभिकल्पकांनी एकत्र येऊन ‘वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट’ ही चळवळ उभारली. २००३ मध्ये डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ या स्थळावर एकच मजकूर ठेवून निरनिराळ्या अभिकल्पकांकडून त्याची शैलीपत्रके मागविली. मजकुराला हात न लावता त्याची रूपे किती पालटता येतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

फ्लॅश : याच काळात दुसरा मार्गही लोकप्रिय होता. १९९६ मधील एका आज्ञावलीपासून विकसित झालेल्या फ्लॅश या तंत्रात चलच्चित्र, ध्वनी व खेळ यांची रचना करता येई आणि ती सर्व ब्राउझरांत सारखी दिसे. अभिकल्पकाला पूर्ण ताबा देणारे हे तंत्र होते. त्यातून अनेक कल्पक कलाकृती निर्माण झाल्या. मात्र ते एका कंपनीच्या मालकीचे होते व त्यासाठी वेगळी पूरक आज्ञावली लागे. २००७ मध्ये आलेल्या आयफोनवर ती चालत नसे. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. त्यातील सहस्रावधी कृती सामान्य ब्राउझरमध्ये दिसेनाशा झाल्या. काहींचे जतन अनुकरण-आज्ञावल्यांच्या साहाय्याने होत आहे. याउलट, १९९१ च्या सुमारची साधी एचटीएमएल पृष्ठे आजही उघडतात.

प्रतिसादी रचना : भ्रमणध्वनीवरून जाल वापरणे वाढल्यावर ठराविक रुंदीचे पृष्ठ निरुपयोगी ठरू लागले. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी लवचीक स्तंभ, लवचीक चित्रे आणि पडद्याच्या मापानुसार बदलणारे नियम यांच्या संयोगास ‘प्रतिसादी’ रचना असे नाव दिले. मोठ्या पडद्यावर तीन स्तंभांत मांडलेला मजकूर लहान पडद्यावर एकाखाली एक येतो. मजकूर तोच राहतो. रूपावरील ताबा काहीसा सोडल्यानेच पृष्ठ अधिक वाचकांपर्यंत जाते, हा या पद्धतीचा निष्कर्ष होय.

सुगमता : अपंग वाचकांच्या सोयीसाठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध होत आली आहेत. चित्राला शब्दांत पर्याय असावा, सर्व क्रिया केवळ कळफलकाने करता याव्यात, सामान्य मजकूर व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४·५ : १ असावे, ही त्यांतील काही होत. भारतात अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात माहिती व संदेशवहनाच्या सुगमतेची तरतूद आहे. फिक्या पार्श्वभूमीवरील करड्या अक्षरांचा षोक वृद्ध वाचकास मजकुराला मुकवितो.

मराठी संकेतस्थळे : रूप व मजकूर यांची गल्लत कशी महाग पडते, याचे ठळक उदाहरण मराठीत आढळते. प्रारंभीच्या अनेक मराठी स्थळांवर देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेली असत. वाचकाकडे विशिष्ट मुद्राक्षरसंच नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटत आणि शोधयंत्रांना तो मजकूर मराठी आहे हे कळत नसे. १९९१ मधील यूनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र संकेत मिळाले होते. परंतु ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे नेणे, जोडाक्षरे घडविणे ही कामे करणारी यंत्रणा सामान्य संगणकांत नंतर आली. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा मुद्राक्षरसंच र. कृ. जोशी यांनी अभिकल्पिलेला होता. पुढे मुद्राक्षरे पृष्ठाबरोबरच पाठविण्याची सोय झाली व मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे संच विनामूल्य उपलब्ध झाले.

काही प्रश्न उरतात. रोमन लिपीसाठी ठरविलेल्या अंतराने ओळी मांडल्यास वरच्या ओळीतील उकार खालच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधील अंतर वाढविल्यास बहुतेक संचांत शिरोरेषा तुटते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांचे अर्थ भिन्न असल्याने मराठीत रफाराचे दोन्ही प्रकार आवश्यक आहेत. त्यांपैकी दुसरा दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिला जातो. दिसण्यात तो एकच असला, तरी एका क्रमाने शोधल्यास दुसरा सापडेलच असे नाही. पृष्ठाची भाषा मराठी असल्याचे चिन्ह एचटीएमएलमध्ये नोंदविल्यास काही संचांत ल व श यांची मराठी वळणे आपोआप येतात.

व्यवसाय : १९९० च्या दशकात लेखन, चित्रे, संकेतन व देखभाल ही सर्व कामे बहुधा एकच व्यक्ती करी. पुढे दृश्यरचना, वापराचा अभ्यास आणि संकेतन यांचे वेगळे व्यवसाय झाले. वर्डप्रेससारख्या (२००३) साधनांनी संकेतन न जाणणाऱ्यांसही स्थळ उभारणे शक्य केले. २०१६ मध्ये खुल्या झालेल्या फिग्मासारख्या साधनांमुळे दूरदूरच्या व्यक्ती एकाच आराखड्यावर एकाच वेळी काम करू शकतात. अलीकडे वर्णन दिल्यास पृष्ठ रचून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आज्ञावल्याही वापरात आल्या असून नवशिक्याकडे सोपविली जाणारी अनेक कामे त्या करतात.

या व्यवसायात एका साधनावर मिळविलेले प्रभुत्व थोड्या वर्षांत निरुपयोगी होऊ शकते. फ्लॅशवर उपजीविका करणाऱ्यांना हा अनुभव आला. मजकुराचा योग्य क्रम, वाचनीय अक्षर, स्पष्ट मार्ग आणि वाचकांच्या विविधतेची जाण ही कौशल्ये मात्र साधने बदलली तरी टिकून राहिली आहेत.