गावरान पाटी, जुनं लाकूड

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं आणि भिगवण जवळ आलं, की दोन्ही बाजूंना मासळीच्या पाट्या सुरू होतात. चिलापी, मरळ, वाम; तळलेली, रश्श्यातली, चुलीवरची. उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागे इंदापूर तालुक्यात पसरलं. त्या फुगवट्यानं गावं पोटात घेतली आणि काठावरच्या लोकांना मासेमारी, खानावळी, हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवणाऱ्या बोटी असे नवे धंदेही दिले. धंदा आला की पाटी येते. आज त्यातल्या बहुतेक पाट्या फ्लेक्सच्या आहेत, तरी अधूनमधून एखादी लाकडी फळी दिसते आणि तिच्यावरचं अक्षर माणसाच्या हातचं आहे हे गाडीतूनही ओळखू येतं.

संपादकांनी मला इकडे पाठवलं ते अशाच एका फळीमुळे. पुण्यातल्या एका उपाहारगृहात त्यांनी जुन्या दारातून कापलेली पाटी पाहिली, तिच्याखाली घासूनपुसून उभं केलेलं एक फडताळ पाहिलं, आणि दोन्ही बारामतीकडून आणल्याचं मालकानं सांगितलं. ‘गावरान सजावटीवर लिही’ एवढंच त्यांचं सांगणं होतं. सजावटीत मला फारसा रस नव्हता. ती अक्षरं कोण लिहितो, हे मात्र पाहायचं होतं.

बारामतीत जुन्या सामानाला गिऱ्हाईक का मिळतं, हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानमुळे आणि पुढे आलेल्या इतर महाविद्यालयांमुळे बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन राहतात. औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी गाड्यांच्या कारखान्यासारखे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे बदलीवर येणारी-जाणारी कुटुंबंही पुष्कळ. खाट, टेबल, लोखंडी कपाट यांची सतत देवघेव चालते. त्यात दुसरा प्रवाह मिसळला तो कृषी पर्यटनाचा. २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत शेतावरच्या पाहुणचाराचा प्रयोग उभा केला. पुढे राज्यभर अशी केंद्रं निघाली आणि २०२० मध्ये सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. हुरडा खायला येणाऱ्या शहरी पाहुण्याला प्लास्टिकची खुर्ची नको असते. त्याला बाज हवी, झोपाळा हवा, आणि फाटकावर हातानं रंगवलेली पाटी हवी.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पत्र्याची एक लांबट शेड आहे. तिच्या अर्ध्या भागात पेंटर बसतात, अर्ध्या भागात सुतारकाका. दोघांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं; ‘काम छापा’ म्हणाले. पेंटर साठीच्या घरातले. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, पुढचं शिक्षण राहून गेलं, मग एका जुन्या पेंटरच्या हाताखाली डबे धुण्यापासून सुरुवात केली. दुकानांचे बोर्ड, लग्नाच्या मांडवाची नावं, निवडणुकीच्या भिंती, झेडपीच्या शाळांच्या बोलक्या भिंती, गळीत हंगामाआधी उसाच्या ट्रॉल्यांचे फाळके. या पट्ट्यात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे साखर कारखाने असल्यानं ट्रॉल्यांना तोटा नव्हता.

मी गेले तेव्हा त्यांच्यासमोर सागवानी दाराची फळी आडवी टाकलेली होती आणि तिच्यावर ‘कृषी पर्यटन केंद्र’ लिहायचं होतं.

मला वाटलं होतं, तीन शब्द, सोपं काम. पेंटरनी खडूनं नुसता आराखडा काढून दाखवला तेव्हा अडचण दिसली. ‘कृ’चा ऋकार खाली लोंबतो. ‘षी’ची वेलांटी वर जाते. ‘र्य’चा रफार वर चढतो. ‘कें’वर मात्रा आणि तिच्याशेजारी अनुस्वार. ‘द्र’चा पाय पुन्हा खाली. म्हणजे वर गर्दी, खाली गर्दी आणि मध्ये ‘पटन’सारखी साधी अक्षरं मोकळी. इंग्रजी कॅपिटल अक्षरं दोन रेघांत बसतात. मराठीला तीन मजले लागतात, आणि वरचा-खालचा मजला किती उंच ठेवायचा हे फळीची रुंदी पाहून आधीच ठरवावं लागतं. नवशिका अक्षरं मोठी काढतो आणि मग वेलांट्या फळीच्या कडेला चेमटतात.

त्यांनी निळीत बुडवलेला दोरा दोन खिळ्यांना ताणला, मध्ये चिमटीत धरून सोडला. टप्. सूत पडलं. त्या रेघेखाली सगळी अक्षरं लटकणार. मग डाव्या हातात एक काठी, तिचं टोक चिंधीनं गुंडाळलेलं. ते फळीवर टेकवायचं आणि उजवं मनगट काठीवर ठेवायचं, म्हणजे ओल्या रंगाला हात लागत नाही आणि हात कापत नाही. ब्रश ऑइलपेंटात बुडवून एका पत्र्याच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी दाबला, केसांना धार आली. ‘प’चा दंड एका दमात खाली. कान्याची जाडी सगळीकडे सारखी आणि ती मोजायला पट्टी नाही, ब्रशची रुंदी हेच माप. गोलाई घेताना ब्रश बोटांत फिरतो. ‘ट’च्या पोटात तो सुरू होतो पसरट आणि संपतो अणकुचीदार. शिरोरेघ सगळ्यात शेवटी. त्यासाठी ते उठून उभे राहिले, रंग जरा पातळ केला, श्वास धरला आणि पाऊल सरकवत ‘पर्यटन’ची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली.

“बसून ओढली तर कोपराला वळते,” ते म्हणाले. “रेघ पायानं ओढायची असते, ताई.”

हे वाक्य ऐकल्यावर मी तिथून लवकर निघणार नव्हते. पाटी लिहिणाऱ्याच्या हाताचं कौतुक आपण करतो. पायाकडे, उभं राहण्याकडे, श्वासाकडे कोणी बघत नाही.

त्यांचा आणखी एक हट्ट आहे, आणि तो मला मनापासून पटला. ‘ल’ ते दोन पाकळ्यांचाच काढतात आणि ‘श’ देठाचा. २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी हीच रूपं ठरवून दिली, पण संगणकातले बरेचसे टंक हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ देतात, आणि छापखान्यातला मुलगा तेच फ्लेक्सवर उतरवतो. पेंटरना शासन निर्णय माहीत नव्हता. त्यांच्या गुरूनं असाच ‘ल’ शिकवला, म्हणून ते असाच काढतात.

आता खरा पेच. पाटी वाळली की गिऱ्हाईकाच्या मागणीप्रमाणे तिच्यावर काचपेपर मारायचा, कडा घासायच्या, रंग इथं-तिथं उडवायचा, म्हणजे ती जुनी दिसते. काही जण तर सांगतात, अक्षर जरा वाकडंतिकडं काढा, फार सुबक नको, गावरान वाटलं पाहिजे. ज्या माणसानं चाळीस वर्षं रेघ सरळ यावी म्हणून हात घडवला, त्याला ती मुद्दाम वाकडी काढायला सांगायची. पेंटरनी स्वतःपुरता तोडगा काढला आहे. अक्षर ते चोखच लिहितात. घासायचं काम सुतारकाकांचा पुतण्या करतो, आणि त्या वेळी पेंटर चहाला जातात.

मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. गावचे पेंटर कधीच वाकडं लिहीत नव्हते. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर सावली सोडलेली, कडेला सोनेरी रेघ दिलेली अक्षरं असत. दर्शनी पाटीत आपला कस लागला पाहिजे, हीच गावची रीत होती. ओबडधोबड म्हणजे गावरान, ही समजूत शहराची आहे.

शेडच्या दुसऱ्या टोकाला सुतारकाका एका सागवानी खुर्चीचे सांधे सोडवत होते. पडलेले वाडे, बंद झालेली दवाखान्यांची आणि वकिलांची कार्यालयं, घरातल्या वाटण्या इथून माल येतो. खुर्चीचा पाय डुगडुगत होता. त्यांनी हातोडी घेतली नाही. फडकं गरम पाण्यात पिळून सांध्याभोवती गुंडाळलं, वाट पाहिली, पुन्हा गुंडाळलं. जुनं काम सरसानं चिकटवलेलं असतं. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस उष्णता आणि ओल लागली की पुन्हा मऊ होतो. थोड्या वेळानं सांधा हातानं हलवून निघाला. लाकडाची जीभ शाबूत, खाच शाबूत. खरवडायचं, नवा सरस लावायचा, दोरीनं आवळून ठेवायचं.

“हीच खुर्ची कुणी मागं पांढऱ्या गमानं चिकटवली असती, तर उघडताना लाकूडच फाटलं असतं,” काका म्हणाले. ज्यानं ती खुर्ची पहिल्यांदा केली, त्यानं ती पुढं कुणीतरी उघडेल हे धरून केली होती. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं आजचं फर्निचर असं उघडता येत नाही. पाण्यानं फुगलं की संपलं. काका तो माल दारातूनच परत पाठवतात.

पॉलिश ते लाखेचं करतात. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची, कापसाचा बोळा तलम कपड्यात बांधायचा आणि पातळ पातळ हात द्यायचे. पावसाळ्यात हे काम बंद असतं. हवेतल्या दमटपणानं पॉलिश पांढरट पडतं, सगळं पुसून पुन्हा करावं लागतं.

अडचणींची मोजदाद सुरू झाली तेव्हा दोघेही मोकळे झाले. पेंटरांचा रोजचा पैसा नंबरप्लेटवर होता. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट कारखान्यातूनच येते, आता जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची केली आहे. ते काम कायमचं गेलं. भिंती निवडणूक आयोगाच्या निर्बंधांनी आणि १९९५ च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्यानं कमी झाल्या. मग फ्लेक्स आला. २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा पेंटरांना आशा वाटली होती. कामं आली ती अॅक्रिलिक आणि एलईडीवाल्यांकडे. दोन महिन्यांत पाटी हवी असलेला दुकानदार रंग वाळायची वाट का बघेल?

काकांची चिंता वेगळी आणि माझ्या मते जास्त गंभीर आहे. जुन्या कपाटांवर ऑइलपेंटचे थर असतात. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात काय असेल याची खात्री देता येत नाही. पुतण्या कोरड्या काचपेपरनं घासत होता आणि शेडभर धूळ होती. मी बोलले, तेव्हा काकांनी पाणी लावून घासायचा पेपर दाखवला. तो वापरतात, पण घाई असली की वापरत नाहीत, कारण ओलं लाकूड वाळवायला दिवस जातो. तोंडाला रुमाल बांधला की झालं, असा सगळ्यांचा समज. ‘गावरान’ दिसण्यासाठी जो रंग मुद्दाम घासून उडवला जातो, त्यातही हीच धूळ आहे, आणि ती वीस वर्षांच्या पोराच्या छातीत जाते. पुण्यातल्या गिऱ्हाईकानं तीच पाटी न घासता घेतली, तर पेंटरांचं अक्षरही वाचेल आणि पोराची छातीही.

राहिला दर. लाकडाची किंमत गिऱ्हाईकाला कळते, वेळेची कळत नाही. सांधे सोडवणं, भेगांत लांबी भरणं, घासणं, पॉलिश यांत खुर्चीमागे कित्येक दिवस जातात आणि घासाघीस मात्र ‘जुनीच तर आहे’ या शब्दांवर होते. पेंटर अक्षरावर दर सांगायचे. आता दोघांनी मिळून दिवसावर दर ठरवला आहे. त्यानं काही गिऱ्हाईकं तुटली, काही टिकली.

शिकायला पोरं येतात, पण थांबत नाहीत. मागच्या खेपेला आलेला मुलगा हुशार होता, म्हणे. ‘क’ची गोलाई आठवड्यात जमली त्याला. त्याला औद्योगिक वसाहतीत काम लागलं आणि महिन्याला ठरलेला पगार सुरू झाला. पेंटर त्याला नावं ठेवत नाहीत.

हुरड्याच्या हंगामासाठी इंदापूरकडच्या एका शेतावरून बारा पाट्यांची मागणी आली होती: स्वयंपाकघर, गोठा, विहीर, बैलगाडी, स्नानगृह. पेंटरांनी पाच घेतल्या. पाऊस लांबला तर रंग वाळणार नाही आणि घाईनं लिहिलेली रेघ त्यांना दुसऱ्या दिवशी बघवत नाही. उरलेल्या सात मालक लेझरवर कापून घेणार आहे.