शारदा सदनाचे बोस्टनवाले देणगीदार

पंडिता रमाबाईंचे नाव घरोघरी माहीत आहे, पण त्यांच्या कामाला पैसा पुरवणाऱ्यांची आठवण क्वचितच निघते. १८८७ मध्ये बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली. ठिकठिकाणच्या मंडळांतून छोट्या वर्गण्या गोळा होत. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठीचे शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला गेले. एकरकमी देणगीपेक्षा हे दहा वर्षांचे वचन मला मोठे वाटते. एकदा खिशात हात घालणे सोपे; दरवर्षी, तेही कधी न पाहिलेल्या विधवांच्या शाळेसाठी घालणे कठीण.

यावर जुना आक्षेप आहे: परदेशी पैसा म्हणजे धर्मांतराची बेगमी. तो उडवून लावता येत नाही. सदन धर्मनिरपेक्ष राहील असे ठरले होते, तरी १८९३ मध्ये मुलींच्या ख्रिस्ती धर्माकडे वळण्यावरून वादळ उठले आणि समाजसुधारक रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. पण तेवढ्यावरून देणाऱ्यांचा हेतू खोटा ठरत नाही, कारण सदनात धर्मशिक्षण नको ही अट त्यांनाच मान्य होती. (त्यांच्यात निरनिराळ्या चर्चचे लोक होते, हेही विसरू नये.) शिवाय त्या विधवांना शिकवायला इथले किती श्रीमंत पुढे आले, हा प्रश्न उरतोच. मुदत सरल्यावर, १८९८ मध्ये, रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या आणि कामाचा हिशेब मांडला. आभार मानायची ही रीत मला भाषणापेक्षा जास्त पटते.