बिलांची वही मोबाइलांत नेतांना

आमची धाकटी सून अहिल्यानगरास सावेडी भागांत राहते व मेतकूट, भाजणी, चटण्या करून विकते. शेजारच्या चार घरांपुरता आरंभलेला हा गृहोद्योग आतां संगमनेर व श्रीरामपूर येथील दुकानांपर्यंत गेला आहे. उधारी वाढली तेव्हां तिनें वही सोडून मोबाइलवर बिलें करण्याचें एक फुकट सॉफ्टवेअर घेतलें. आठ महिने सर्व सुरळीत चाललें. मग एके दिवशीं मोबाइल पाण्याच्या बादलींत पडला. सगळीं बिलें त्याच्याच पोटांत होतीं. एका दुकानदाराच्या मतें त्याची बाकी नऊ हजार, सुनेच्या आठवणीप्रमाणें तेरा हजार. पुरावा दोघांपाशींहि नव्हता. चार हजारांपेक्षां, एका भल्या गृहस्थाविषयीं मनांत संशय आला, याचेंच तिला अधिक वाईट वाटलें.

ज्या घरांतून असे लहान धंदे चालतात, त्यांच्या उपयोगासाठीं या अनुभवांतून निघालेल्या चार गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट कायद्याची. १ जुलै २०१७ पासून जीएसटी सुरू झाला. महाराष्ट्रांतल्या महाराष्ट्रांत केवळ माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आंत असेल, तर सामान्यतः नोंदणी सक्तीची नाहीं. आणि नोंदणी नसतां बिलावर कर लावतां येत नाहीं. म्हणून कराविना साधें बिल निघतें कीं नाहीं, हें पाहावें. नोंदणी असेल, तर बिलाचे क्रमांक ओळीनें यावेत, त्या आर्थिक वर्षांत एकहि पुन्हा येऊं नये, व क्रमांक १६ अक्षरांहून लांब नसावा. सरकारी संकेतस्थळावर नोंदवावयाचें ई-इनव्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीस लागू आहे. लहान धंद्यानें त्या सोयीसाठीं जादा पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट चुकीची. जुन्या रोजकीर्दींत चुकलेली रक्कम खरवडून काढणें अप्रशस्त मानीत; उलट नोंद करून ती दुरुस्त करीत. सॉफ्टवेअरनेंहि तसेंच करावें. माल परत आला, तर मूळ बिल तसेंच ठेवून क्रेडिट नोट निघावी. कोणीहि मागचें बिल गुपचूप बदलूं शकेल अशी सोय ही सोय नव्हे.

तिसरी गोष्ट बॅकअपची, आणि मुख्य तीच. बिलें एक्सेल किंवा पीडीएफ या रूपांत बाहेर काढतां येतात काय? वर्गणी थांबविल्यावर जुनीं बिलें दिसतात काय? नोंदणीकृत व्यापाऱ्यास वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रें जपावीं लागतात. मोबाइल इतकीं वर्षें टिकेलच असें नाहीं. धंद्याचा हिशेब सनदी लेखापालाकडे टॅलींत जात असेल, तर नोंदी तिकडे नेतां येतील काय, हेंहि त्यांनाच विचारावें.

चौथी गोष्ट परीक्षेची. पैसे भरण्यापूर्वीं एक तास बसून चार बिलें करून पाहावीं: एक रोखीचें, एक अर्ध्या उधारीचें, एक माल परत आल्याचें, एक रद्द केलेलें. ग्राहकाचें नांव मराठींत नीट छापलें जातें काय, तें पाहावें. मग तीं सर्व दुसऱ्या यंत्रावर उघडावीं. न उघडल्यास तें सॉफ्टवेअर कितीहि देखणें असो, घेऊं नये.

सुनेनें त्या दुकानदाराशीं अकरा हजारांवर समजूत केली. आतां ती प्रत्येक बिल त्याच दिवशीं दुकानदाराकडे पाठविते, महिनाअखेर बाकी कळविते, आणि दर शनिवारीं सर्व बिलें घरच्या संगणकावर उतरवून ठेविते. गेल्या महिन्यांत त्याच दुकानदाराचा निरोप आला, "वहिनी, तुमच्या पत्रकापेक्षां माझ्याकडे दोनशें रुपये जास्त निघतात." जुळवून पाहतां त्याचेंच म्हणणें बरोबर ठरलें.