माळ्यांच्या सह्या

इंग्लंडमधल्या सरदारी उद्यानांत गेलं की आधी हवेली, मग तळं, मग गुलाब आणि शेवटी चहा, असा क्रम ठरलेला असतो. कॉर्नवॉलमधल्या हेलिगनला मात्र मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो तो माळ्यांच्या जुन्या संडासापाशी! वाचक हसतील, पण गोष्ट हसण्यासारखी नाही.

मेव्हागिसी या कोळ्यांच्या गावाजवळचं हे उद्यान ट्रेमेन घराण्याचं. चारशेहून अधिक वर्षं त्यांची इथं मालकी. या गारठ्याच्या मुलखात त्यांना अननसाची हौस! त्यासाठी जमिनीत विटांनी बांधलेला खड्डा, वर काचेचं छप्पर आणि दोन्ही अंगांच्या चरांत घोड्याची ताजी लीद. लीद कुजताना तापते आणि ती ऊब भोकाभोकांच्या भिंतीतून मधल्या रोपांना मिळते. थंडावली की उपसायची, नवी भरायची. आमच्या कोकणात परसात सहज येणाऱ्या फळासाठी केवढी ही यातायात! अर्थात फळ मालकाच्या टेबलावर आणि लीद माळ्याच्या हाताला, हे काही फक्त तिथलंच नव्हे.

१९१४च्या ऑगस्टमध्ये, महायुद्धाला तोंड फुटलं त्याच महिन्यात, या माळ्यांनी त्या संडासाच्या भिंतीवर पेन्सिलीनं आपापली नावं लिहिली. पुढं त्यांतले कितीतरी जण आघाडीवर गेले. अनेक परतलेच नाहीत. राबणारे हातच गेल्यावर बाग कोण राखणार? हवेली भाड्यानं गेली, १९७०च्या दशकात तिचे फ्लॅट झाले. बागेवर काटेरी वेलींचं रान माजलं.

१९९० साली ट्रेमेन घराण्यातले जॉन विलिस आणि टिम स्मिट त्या रानात शिरले. पडझडीखाली ती चिमुकली खोली सापडली, आणि भिंतीवरची नावंही. १९९२मध्ये बाग लोकांना खुली झाली. अननसाचा खड्डाही पुन्हा लिदीनं तापू लागला. १९९७मध्ये त्यातला एक अननस राणी एलिझाबेथला लग्नाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भेट गेला. त्या संडासाला २०१३मध्ये इम्पीरियल वॉर म्युझियमनं जिवंत स्मारक म्हणून मान्यता दिली.

मोठ्या उद्यानांत पाट्या असतात त्या मालकांच्या, फार तर आराखडा करणाऱ्याच्या. इथं माळ्यांनी स्वतःच लिहून ठेवलं म्हणून ते कळले. पेन्सिल आता अगदी पुसट झाली आहे. मी डोळे बारीक करून एकेक अक्षर लावत होतो. मागं रांग वाढली, तेव्हा बाजूला झालो.