नेमबाजीची सुरुवात रिंगजवळून
बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते. तिचा आतला व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर, तर पुरुषांच्या चेंडूचा साधारण २४. म्हणजे जागा पुरेशी आहे, पण चेंडू वरून उतरला तरच. सपाट फेकीला तीच रिंग अरुंद पडते. म्हणून सराव लांबून नव्हे, दीड-दोन मीटरवरून सुरू करावा.

आधी एका हाताने फेका. कोपर चेंडूखाली ठेवा, शेवटी मनगट पुढे झुकवा, म्हणजे चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि रिंगला लागल्यावर त्याचा वेग मंदावतो. फेक सरळ जाऊ लागली की दुसरा हात केवळ आधाराला लावा आणि एकेक पाऊल मागे सरका. चेंडू आखूड पडला तर गुडघ्यांतून जोर घ्या. डावी-उजवीकडे गेला तर कोपर आणि आधाराचा हात तपासा.

मग पळत येऊन, पास घेऊन, जागा बदलत फेका, कारण सामन्यात चेंडू असाच मिळतो. फ्री थ्रोचा सराव दमल्यावरही करा. प्रत्येक जागेवरून किती फेकी टाकल्या आणि किती बास्केट झाल्या, हे वहीत लिहा. उद्या कशावर मेहनत घ्यायची ते त्यातूनच ठरेल.